उतरती पाती

१२ जून

सकाळी विठाबाई रडत आली. शेजारीण. आवाज अख्ख्या आळीला पुरेल असा. हातात डबा. ओसरीच्या पायरीवर बसली आणि सूर लावला, "कवा गेले हो रामभाऊ? मले हाक तं मारायची!"

दादा समोर खाटेवर उशीला टेकून बसला होता. तिच्याकडे बघत होता.

तिचं लक्ष गेलं तेव्हा सूर मध्येच तुटला. "अवं माय! जित्ते हायेत!"

तिची चूक नाही. वावरातून येताना तिनं वाऱ्यावरची चक्की पाहिली. पाती उतरती होती. या गावात उतरती पाती म्हणजे मौत, आणि चक्कीवाल्याच्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस एकच. तिनं घरी जाऊन पिठलं-भाकरी केली आणि कडू घास म्हणून घेऊन आली.

वहिनी आतून आली. पदराला हात पुसून डबा घेतला.

"चुकलंच माह्यं, कौसाबाई. द्या इकडं, घेऊन जातो."

"आनला तं राहू दे. कडू घास वापस नेत नाईत."

विठाबाई गेल्यावर वहिनीनं तोच डबा दादापुढे उघडला. भाकरी पिठल्यात कुस्करली. एकेक घास भरवला. तोंडाच्या उजव्या कडेनं पिठलं गळत होतं, ते बोटानं परत आत लोटत होती. डबा रिकामा होईपर्यंत.

स्वतःच्या मयताचा घास त्यानं सगळा खाल्ला. भूक होती.

१३ जून

मेहकरच्या समितीला चक्कीचा इतिहास लिहून द्यायचाय, स्मरणिकेसाठी. जुलैअखेर मुदत. टिपण इथंच करून ठेवतो.

हॉलंडचा साहेब. नाव यान, गावात 'येन सायेब'. दुष्काळानंतर विहिरींच्या कामावर आला आणि राहिला. त्याच्या आजोबांची तिकडची चक्की त्याच्या डोक्यात होती. नकाशा मातीत काडीनं काढला म्हणतात. खाली काळा दगड, वर सागवान, डोक्यावर पत्र्याची फिरती टोपी, टोपीमागे जमिनीपर्यंत आलेलं लाकडी शेपूट. वारा जिकडून असेल तिकडे शेपटाला खांदा लावून टोपी वळवायची. चार पाती, त्यांवर तंबूचं कापड. ज्वारी दळायची. दादाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं; साहेबानं हाताशी घेतला. पुढं साहेब गेला, डिझेलची चक्की आली, विजेची आली, इथलं दळण बंद झालं. दादा राहिला. रोज वंगण, उन्हाळ्यात पात्यांना तेल, पावसाळ्याआधी डांबर. लांबून लोक बघायला येऊ लागले तेव्हा समिती झाली.

साहेबाच्या मुलुखात चक्की थांबलेली असताना पाती बोलतात. उभं पातं माथ्याला पोचायच्या जरा आधी थांबवलं की घरात आनंद: ती चढती. माथा ओलांडून जरा झुकलं की दुःख: ती उतरती. तिकडे हे चक्कीवाल्याच्या घरापुरतं असावं. आपल्या गावानं सगळ्यांसाठी घेतलं. कुणीही गेलं की तेरवीपर्यंत उतरती. एकदा पाटलाचा बैल मेला, दादानं त्यालाही लावली. साहेब म्हणे हॅट काढून गोठ्यापुढे उभा राहिला. (हा किस्सा घ्यायचा. वाचकांना आवडेल.)

संध्याकाळी वहिनीला विचारलं, पाती उतरती कुणी केली.

"वाऱ्यानं सरकली असन."

ब्रेक आवळलेला होता. ब्रेक आवळल्यावर वारा काय, बैलजोडी लावली तरी पातं हलत नाही. मी उठून चक्कीकडे गेलो. ब्रेकचा दोर सोडला, खालच्या पात्याला खांदा देऊन चढती केली, दोर पुन्हा बांधला.

दादा ओसरीवरून बघत होता. डावा हात वर केला. अर्धांगानंतर तेवढाच हलतो. वाचा गेली, समज सगळी शाबूत.

१४ जून

सकाळी पुन्हा उतरती.

वहिनी आता लपवत नाही. "मीच केली. रोज करीन."

"वहिनी, माणूस जिवंत आहे."

"मंग? पाहू द्या नं जित्तेपनी. मेल्यावर कोन पाह्यते?"

नंतर भाकरी थापताना, मीठ कमी पडलंय म्हणावं तशा आवाजात: "तुमाले पाती हलवायची तं हलवा, भाऊजी. पन मंग तुमचा भाऊ तुमीच धुवा, तुमीच भरवा. मी हात लावनार नाई."

हलवली.

१६ जून

लिहायला सवड नव्हती. दादा अंगानं थोराड. एका कुशीवरून दुसरीवर घेताना माझ्या हातून सुटला, खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, घासला. माकडहाडापाशी कातडं गेलं. भरवताना ठसका लागला तो थांबेना. डोळे पांढरे केले. मी पाठीवर थापा मारत राहिलो. वहिनी उंबऱ्यात सुपात तूर निवडत बसली होती. एकदा मान वर करून बघितलं, पुन्हा खडे वेचू लागली.

अकोल्याला माझ्या घरी फोन केला. हिचे गुडघे, ती येऊ शकत नाही. गावात मदतीला बाई विचारली. म्हणाली, "कौसाबाईच्या घरात तिच्या मर्जीबिगर मी पाय नाई ठेवत बाप्पा."

ओल्या चादरीत पडून दादा कण्हतोय. शब्द नाहीत, नुसता आवाज. माझी कंबर गेली आहे.

१७ जून

सकाळी मी स्वतः गेलो आणि पाती उतरती केली.

दादा बघत होता. मी परत आलो तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते.

वहिनीनं पाणी तापत ठेवलं. दुपारच्या आत त्याला न्हाऊ घातलं, जखमेला हळद-तूप लावलं, सुकलेल्या चादरीवर निजवलं. इतका हलका हात. मायेनं केलं असतं तरी यापेक्षा हलका पडला नसता.

२२ जून

सोनबा न्हावी दादाची दाढी करायला आला. येताना चक्की बघूनच आला होता. दादाच्या गालाला साबण लावता लावता मला म्हणाला, "भाऊ, तुमचं बी डोक्सं करून टाकू का? एकाच चकरेत काम होते."

मग दादाला: "काय हो रामभाऊ, तेरवीले बुंदी ठेवता का शिरा?"

दादाच्या घशातून आवाज आला. मला वाटलं, दुखलं. तो हसत होता. अर्ध्या तोंडानं.

गावाला सवय झाली आहे. पहिले काही दिवस लोक थबकायचे, चौकशी करायचे. आता जाता जाता ओसरीकडे बघतात, "हायेत अजून," म्हणतात आणि पुढे जातात. पंचाईत एकच. परवा वरच्या आळीत खरी मयत झाली तेव्हा कुणाला कळलंच नाही. पाती तर आधीच उतरती. मेलेल्याचा पोरगा दारात येऊन वहिनीवर ओरडून गेला. "आमच्या बापाले पाती बी नाई भेटली!" वहिनी म्हणाली, "भेटली नं. लागेलच होती."

२७ जून

उस्मान मिस्तरी मेहकरहून येऊन गेला. चक्कीचं सुतारकाम त्याच्या वडिलांपासून त्यांच्याकडे. लेखासाठी विचारायला बोलावलं होतं, तो बोलला भलतंच.

"अशी काऊन उभी ठेवली? चालत नसन तं निदान पाती बदलत राहा. एकच पातं खाली राह्यलं का सगळं पानी त्याच्या टोकात उतरते. रामभाऊ तं पावसाळ्यात रोज पाव चक्कर फिरवत."

त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी त्याच्याकडे बघत होती. त्यानं चहा बशीत ओतून एका दमात संपवला आणि गाडीला किक मारली.

नंतर वहिनीला म्हटलं, असंच राहिलं तर पातं सडेल.

"मालूम हाय. जनमभर दुसरं काय आयकलं मी? पात्याले पानी, पात्याले तेल, पात्याले ऊन. मले ताप आला तं कोनी इचारलं नाई, पात्यावर ढग आला का उठून पयायचे."

४ जुलै

आज वहिनीनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. दादा दोन हातांवर, ओसरीतच. तो ऐकत होता आणि ते तिला माहीत होतं.

"माही पोर नंदी दोन सालाची होती. ताप आला, सकायीच गेली. त्याच दिवशी सायबाचे पावने येनार होते त्यायच्या मुलुखातून. ह्यायनं पात्याले पताका बांधेल होत्या. मी म्हटलं, पाती उतरवा. म्हने, पावने जाऊ दे, संध्याकायी लावतो. मी लेकरू मांडीवर घेऊन इथंच बसेल होती. चक्की दिवसभर फिरली. पावन्यायनं फोटू काढले. एका बाईनं तं मले हात बी हालवला. संध्याकायी म्हने, लेकरासाठी लावत नसतात."

सुई-दोरा हातात होता. गोधडीचा टाका पूर्ण केला.

"बैलासाठी लावली होती."

नंदा गेली तेव्हा मी अकोल्यात नवीन नोकरीवर होतो. पोरगी गेल्याचं कळलं होतं, दिवसवाराला येऊन गेलो होतो. हे कुणी सांगितलं नव्हतं.

दादानं मान भिंतीकडे वळवली. वहिनी उठली आणि त्याची मान हलकेच पुन्हा चक्कीकडे वळवून ठेवली. उशी नीट केली.

रात्रीच्या आत लेखाचा कच्चा खर्डा संपवायचा होता. बैलाचा किस्सा काढला. मग परत घातला. त्याच्याशिवाय मधला भाग बसतो.

११ जुलै

दादा डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या गातावर गोल काढतो. एक झाला की दुसरा. त्याला चक्की फिरायला हवी आहे. दुसरं काही मागत नाही. पाणी नाही, औषध नाही.

आज जवळ बसलो. म्हटलं, "नंदाचं आठवतं का, दादा?"

बोट थांबलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, तोंड उघडून मिटलं. काहीतरी सांगायचं असावं.

मग बोट पुन्हा फिरू लागलं. गोल. गोल.

तोवर मला त्याची दया येत होती. आज जरा कमी आली.

१८ जुलै

पाऊस लागून राहिलाय. सोयाबीन गुडघ्याला. ओसरीवरून दिसतं: वरच्या तिन्ही पात्यांचं पाणी पाती जिच्यात बसवली आहेत त्या मधल्या लाटेवरून खालच्या पात्यात येतं आणि त्याच्या टोकावरून ठिबकत राहतं. पाऊस थांबला तरी ते ठिबकतं. दादा दिवसभर त्या थेंबांकडे बघतो.

साखरखेर्ड्याहून वहिनीचा भाऊ आला होता. कुणीतरी त्याला निरोप दिला असावा. टॉवेल-टोपी घेऊन आला. आल्यावर घोटाळा कळला. लाजला, मग ते टॉवेल-टोपी दादाच्या उशाशीच ठेवून गेला. जाताना बहिणीला म्हणाला, "अक्के, माफ करून टाक आता. बुढ्यात राह्यलं काय?"

वहिनी: "म्हून तं घाई करून राह्यली."

२६ जुलै

समितीचा फोन. मुखपृष्ठाला फोटो हवा. चक्की फिरती असलेला. म्हणाले, "उभी चक्की मेल्यासारखी दिसते हो."

उस्मान मिस्तरीला पुन्हा बोलावलं. खालच्या पात्याला पेचकस लावला तर मुठीपर्यंत आत गेला. ओढून काढला, वास घेतला, माझ्यापुढे धरला. ओल्या भुशाचा वास.

"वरून डांबराची साल हाय, आत काई नाई. जुनं लाकूड, एका पावसाळ्याचं बी पानी सोसलं नाई. लाकूड आनून नवं पातं कराचं म्हटलं तं दिवाळीच्या पुढं. तवरोक ब्रेक सोडू नका. हे पातं तुटलं का बाकीचे तोल सोडतीन, टोपी बी उपटून नेतीन. आन चुकून सोडलाच तं खाली मानूस नोको."

चहाच्या वेळी वहिनीला सांगितलं की फोटो होणार नाही, आणि का होणार नाही तेही. सांगायला नको होतं हे बोलता बोलताच कळलं.

"फिरली तं मोडते?"

"मोडेल."

"नक्की?"

"मिस्तरी तसं म्हणतो."

तिनं कप खाली ठेवला. कित्येक दिवसांत तिचा चेहरा इतका मोकळा बघितला नव्हता.

३० जुलै

आज वहिनी दादाशी बोलली. मी आल्यापासून पहिल्यांदा. खाटेच्या कडेला बसली.

"आयकता का? फिरवू का मंग चक्की? पाहाची हाय?"

दादा रडला. तोंड वाकडं, लाळ, डोळे, सगळं एकदम. डावा हात शोधत शोधत तिच्या मनगटावर ठेवला. तिनं तो ठेवू दिला. चहा निवेपर्यंत दोघं तशीच बसली होती. कुणी परक्यानं पाहिलं असतं तर गहिवरून आलं असतं.

मागच्या अंगणात तिला गाठलं.

"वहिनी, हे करू नका."

"काऊन? त्याले पाहाची हाय. मी कुठी नाई म्हनून राह्यली?"

"पातं सडलंय हे मी त्याला सांगतो."

"सांगा नं. जा. सांगा, आन मंग तोंड पाहा त्याचं. सडलं कायनं हे बी सांगा. उतरती कोनं ठेवली इतके दिवस? मी का तुमी?"

परत ओसरीत आलो. दादा बाहेरून येणाऱ्या वाऱ्याला तळवा धरून बसला होता, जोर किती आहे ते बघत. सांगितलं नाही.

३१ जुलै

लेख पाठवला. मुदतीत. समितीकडून लगेच उत्तर: छान झालाय, बैलाचा प्रसंग विशेष.

उस्मानला फोन लावला, उद्या येशील का. लोणारच्या बाजूला शाळेच्या छपराचं काम धरलंय, येऊ शकत नाही. "ब्रेक सोडू नका भाऊ," पुन्हा म्हणाला.

वहिनी विठाबाईला सांगत होती, उद्या ये, नारळ आन. विठाबाईनं तिचे हात हातात घेतले. "लय चांगलं करून राह्यली माय. मरनाच्या दारी मानूस मानूसच असते."

१ ऑगस्ट

सकाळपासून पश्चिमेचा वारा. ढग उंच, पाऊस नाही. असा वारा दादाला आवडायचा.

वहिनीनं त्याला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. दाढी स्वतः केली. सोनबाची वाट बघितली नाही. धुवट धोतर, सदरा, साखरखेर्ड्याची ती नवी टोपी. कपाळाला गंध. आरसा धरला. दादानं आरशात बघितलं आणि मग तिच्याकडे.

गावातली बरीच माणसं जमली आहेत. चौघांनी खाट उचलून अंगणात आणली. मी म्हटलं, बस, इथंच ठेवा.

वहिनी म्हणाली, "आजून पुढं घ्या. जवयून दिसू द्या त्याले."

माणसं माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, नको, खाली धोका असतो. सोनबा हसला. "भाऊ, इतक्या सालात कोनाले लागली नाई चक्की, आज काय होते?"

तेव्हा दादानं डावा हात उचलला. पुढे. खाट पुढे घ्या. बोटानं नेमकी जागा दाखवली, खालच्या पात्याच्या समोरची.

वहिनी गोंधळली. मी पहिल्यांदाच तिला गोंधळलेली पाहिली. ती दादाकडे बघत राहिली, तो पात्याकडे. ते टोक काळं पडलंय, पावसात फुगलंय. मला ओसरीवरून दिसतं. मग ज्याचा जन्म त्या लाकडाला तेल लावण्यात गेला, जो दीड महिना त्याच्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याखेरीज काही बघत नव्हता, त्याला दिसलं नसेल?

का खरंच काही दिसत नाही, आणि त्याला वाटतंय की कौसानं माफ केलं?

खाट तिथं नेऊन ठेवली आहे. विठाबाईनं नारळ फोडला. वहिनी म्हणाली, "दोर तुमीच सोडा भाऊजी. घरातले मोठे आता तुमीच."

कॅमेरा आणतो म्हणून आत आलो. कॅमेरा इथंच टेबलावर आहे. त्याच्याशेजारी वही, तर हे लिहितोय. खिडकीतून खाट दिसते, पाती दिसतात, दोराची गाठ दिसते. वहिनी खाटेच्या उशाशी उभी होती. आता खाली बसली. पात्याखालीच, त्याच्या शेजारी. तिला तिथून उठवायला कुणीतरी सांगितलं पाहिजे. कुणी सांगत नाही. दादाचा हात तिच्या पदरावर.

हाक आली. तिचीच.

"भाऊजी, पुरे झालं लिवनं. या. वारा पडून जाईन."